सदरसाहेबांची राहिलेली माफी

तहसीनने डूख धरला की तो सुटत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. आम्ही दोघी खारबंदरच्या, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या. तिच्या एका चुलतबहिणीने भर लग्नात तिच्या मेंदीला नावं ठेवली होती. "कोंबडीने पाय उमटवलेत वाटतं," असं सगळ्या बायकांसमोर म्हणाली. तहसीन तेव्हा नुसती हसली. काही वर्षांनी त्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं. तोवर तहसीनच्या मेंदीचं गावभर नाव झालेलं, म्हणून नवरीने लाडीगोडी लावून तिलाच बोलावलं. तहसीनने उजवा हात असा काही काढला की बायका माना वाकवून बघत बसल्या. मग कोन खाली ठेवला, ओढणी सावरली आणि म्हणाली, "डावा आता कोंबडीकडून काढून घे." नवरी एका हाताच्या मेंदीवर निकाहला बसली. आजही तो अल्बम निघाला की ती डावा हात ओढणीखाली लपवलेली दिसते.

लोक म्हणतात, एवढं मनात ठेवू नये. म्हणोत. मला तर अशी माणसं आवडतात. मनात न ठेवणाऱ्यांना दुसऱ्याने दिलेलं दुःखही आठवत नाही आणि सुखही आठवत नाही, आणि वर ते स्वतःला मोठ्या मनाचे समजतात.

आता आम्ही दोघी शारजात, अल नहदामध्ये, एकाच बिल्डिंगमध्ये एकाच मजल्यावर राहतो. तहसीन दुबई मरीनामधल्या एका दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर आहे. दिवसभर ठणकत्या दाढांच्या लोकांशी इतकं गोड बोलते की मला तिची शंका यायला लागते. तिचा नवरा समुद्रात तेलाच्या कामावर, महिना तिकडे आणि महिना घरी. मुलगी झारा बारावीला, इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. आणि एक धाकटा भाऊ होता, उझैर.

उझैर औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजमध्ये गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जेवायला यायचा तेव्हा हाताला थिनरचा वास आणि पिशवीत कोळंबी. आमचं दार आधी वाजवायचा, "भाभी, मसाला द्या, दीदीचा फिका असतो." मग तिकडे जाऊन तहसीनला सांगायचा की भाभीचा मसाला फिका असतो. दोन्हीकडून जास्तीचं मिळवायचं हे त्याचं तंत्र. खारबंदरला त्यांची आई यम्नाबी एकटी राहते, तिला तो रोज फोन करायचा, रोज.

एका भर उन्हाळ्याच्या दुपारी तो गॅरेजमध्येच कोसळला. हार्ट. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत गेला होता.

आता सदरसाहेबांबद्दल सांगायला हवं. आमच्या गावातली जी माणसं इथे आहेत त्यांचं एक मंडळ आहे, खारबंदर वेल्फेअर. कागदावर नाही. असं मंडळ काढायला इथे परवानगी लागते आणि ती कुणी काढलेली नाही. म्हणून मीटिंगला सगळे "फॅमिली गेट-टुगेदर" म्हणतात. पण अध्यक्ष आहे, आणि त्याला सदरसाहेब म्हणतात. अहमद मुकादम. स्पेअर पार्ट्सचं दुकान, गॅरेजं, गावातली निम्मी पोरं त्यांच्याच व्हिसावर, म्हणजे त्यांच्याच नोकरीत. माझा नवरा उमरसुद्धा. खोटं कशाला बोलू, माणूस धावून जाणारा आहे. कुणाचा पासपोर्ट अडकला, कुणी हॉस्पिटलात पडलं, तर पहिला फोन सदरसाहेबांना. आणि कुणी मेलं तरीही.

उझैर गेला तेव्हा तहसीनचं एकच म्हणणं होतं. मय्यत गावी न्यायची. अम्माने तोंड बघायचं. सदरसाहेब म्हणाले, "बिलकुल, बहन. पेपर्स उद्यापर्यंत होतील, इन्शाल्ला. तुम्ही घरी जा, आराम करा, मी सगळं बघतो." तिने त्याच विमानाचं स्वतःचं तिकीट काढलं. खारबंदरला यम्नाबीने ओटी सारवून घेतली, खाट बाजूला काढली, दाराची दोन्ही कवाडं उघडून ठेवली. शेजारची वासंतीवहिनी तिच्या सोबतीला येऊन राहिली.

दुसऱ्या दिवशी तहसीन माझ्याकडे कपड्यांची बॅग भरत बसली होती. दुपारच्या नमाजानंतर फोन आला. सदरसाहेबच. "झालं, बहन. दफन व्यवस्थित झालं. भरपूर माणसं होती. खलास."

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. सदरसाहेबांनी उझैरच्या गावाकडच्या एका चुलत्याकडून फोनवर होकार मिळवला होता. तो चुलता त्यांचाच माणूस. उझैरच्या कंपनीचा ना-हरकत कागद त्यांच्या ओळखीने झटपट निघाला. आईला विचारलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. इथल्याच कब्रस्तानात माती दिली. तिने त्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही.

का, तर क्रिकेट. मंडळाची टूर्नामेंट चालू होती आणि त्याच आठवड्यात फायनल होती. ग्राउंड बुक, पाहुणे ठरलेले, बिर्याणीची ऑर्डर दिलेली. मय्यत कागदांसाठी अडकून पडली असती तर बॅट कुणी उचलली असती? म्हणून मय्यत उरकली. फायनल झाली, दंडाला काळ्या फिती लावून. आणि सदरसाहेबांनी माइकवर गळा दाटून आणून जाहीर केलं की यापुढे हा चषक ‘मरहूम उझैर स्मृती चषक’ म्हणून ओळखला जाईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उमर घरी येऊन म्हणाला, "बघ, किती इज्जत दिली." मी त्याच्यापुढे ताट आदळलं.

तहसीनने कुठे तक्रार करायची? कुणीही ऐकलं असतं तर म्हणालं असतं, यात वाईट काय झालं? दफन लवकर करावं हेच तर आपला दीन, आपला धर्म सांगतो. सदरसाहेबांच्या हाती ते वाक्य पक्कं होतं. आणि यम्नाबीला तहसीननेच सांगितलं होतं की इथला कायदाच तसा आहे, अम्मा, आणू देत नाहीत. म्हातारीने दोन दिवस उघडी ठेवलेली दारं लावून घेतली. कायद्यापुढे कुणाचं काय चालतं, एवढंच म्हणाली. खरं कळलं तर ती झुरेल म्हणून तहसीनने ते स्वतःच्या पोटात ठेवलं.

आणि तिने ठरवलं की सदरसाहेबांना त्या खुर्चीवरून खाली खेचायचं. त्या माणसाला दुसरं कशाचं काही वाटत नाही, खुर्चीचं वाटतं. दुकानाच्या लेटरहेडवरसुद्धा आधी ‘सदर’ छापलेलं असतं आणि मग नाव.

"अविश्वास ठराव," ती मला म्हणाली. स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, डोळ्यांत पाणी आणि आवाज कोरडा. "त्याला सगळ्यांसमोर उतरवणार."

झारा टेबलाशी अभ्यास करत होती. तिने शाळेच्या वादविवादात एका राष्ट्राध्यक्षावरच्या महाभियोगावर भाषण करून बक्षीस मिळवलं होतं. तिने मान वर केली. "मम्मा, यू नीड द नंबर्स. सिटिंग प्रेसिडेंटला हात लावला आणि फेल झालं, तर ही बिकम्स अ हीरो. एव्हरी टाइम."

"मग काय करू? गप्प बसू?"

"नो. बट चार्ज काय आहे? ज्याने फक्त तुला हर्ट झालं, त्यावर कोणी व्होट नाही करणार. पिक समथिंग दॅट हर्ट्स देम."

मला ते ऐकून राग आला. भावाचं तोंड बघू दिलं नाही, हा गुन्हा पुरेसा नाही आणि दुसरा शोधायचा? पण पोरीचं म्हणणं बरोबर होतं. मंडळाच्या नियमात सदर दोनदाच होता येतं. मुकादमांची तिसरी मुदतही संपत आली होती आणि निवडणुकीचं नाव कुणी काढत नव्हतं. त्यावर लोकांच्या मनात खदखद होतीच. कुणाच्या मुलाला टीममध्ये घेतलं नव्हतं, कुणाला व्यासपीठावर बसवलं नव्हतं, कुणाला स्वतःलाच सदर व्हायचं होतं. तहसीनने आरोप लावला मुदतीचा. मनात उझैर आणि तोंडात नियम.

ती घरोघर फिरली. सुट्टीच्या दिवशी एकेका फ्लॅटमध्ये, खजूर आणि डबा घेऊन. बायकांना आधी पटवलं, बायकांनी पुरुषांना. जे मुकादमांच्या व्हिसावर होते ते घाबरत होते. "भाभी, वोट देईन, पण नाव नको घेऊ." दुसरे म्हणत, "भांडण मोठं झालं आणि कुणी बाहेर कळवलं, तर मंडळाचीच चौकशी होईल. आपण कोण, काय सांगणार?" उमर तर मला स्पष्ट म्हणाला, "नूरजहाँ, तू त्यात पडू नकोस. माझं व्हिसा रिन्यूअल आहे. त्याला खाली ओढलं तर तो आपल्याला घेऊन खाली येईल." मी म्हटलं, "तुला तर तसाही खाली बसायचीच सवय आहे." दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

तरी होकार जमले. मीटिंग ठरली. तहसीनचा चेहरा त्या आठवड्यात असा उजळला होता की क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, घरी काही शुभकार्य आहे का.

आणि मग सदरसाहेबांनी जाहीर केलं की त्यांचा हजचा नंबर लागला आहे.

नंबर केव्हाच लागला होता. दडवून ठेवला होता, आणि मीटिंगच्या तोंडावर बाहेर काढला. तेही मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, काबाशरीफच्या फोटोसकट. लगेच मुबारकबादीचा पाऊस. आमच्याकडे हजला जाणारा माणूस निघण्याआधी घरोघर जातो आणि म्हणतो, बोललंचाललं माफ करा. माणसाचं माणसाशी जे देणंघेणं असेल ते माणसानेच माफ करावं लागतं, त्यात अल्लाही पडत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आणि अशा दारात आलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. म्हणूच शकत नाहीत. आजवर खारबंदरमध्ये कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

सदरसाहेब घरोघर फिरायला लागले. जिथे जिथे तहसीन डबा घेऊन गेली होती तिथे तिथे. पांढरा झब्बा, डोक्यावर टोपी, हात जोडलेले. "बोललंचाललं माफ करा." लोक उठून मिठी मारत. "माफ, सदरसाहेब, दिलसे माफ. आमच्यासाठी दुआ मागा." आता एकदा दिलसे माफ म्हटल्यावर आठवड्याने उठून त्याच्याविरुद्ध हात कसा वर करायचा? आमच्याकडेही आले. उमर दारातच त्यांच्या गळ्यात पडला, डोळे पुसले. मी आतून बघत होते. माणूस घाबरलेला नव्हता, मजेत होता.

तहसीनकडे मात्र आले नाहीत. तिचं दार आमच्या समोरच. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि लिफ्टमध्ये शिरले. तिची माफी त्यांना सगळ्यांसमोर हवी होती.

शारजातल्या एका रेस्टॉरंटचा पार्टी हॉल घेतला होता. दारावर ‘फॅमिली गेट-टुगेदर’ लिहिलेलं. पुरुष पुढे, आम्ही बायका मागच्या टेबलांवर. अध्यक्षस्थानी खतीबचाचा, गावचे सगळ्यांत वयस्क, ऐकायला कमी येतं पण निकाल द्यायला आवडतं. ते काही म्हणायच्या आत सदरसाहेब उठले.

"भाईयों आणि बहनों, ठराव आहे, मला माहीत आहे. चर्चा करा, बिनधास्त करा. मी तर आठवड्याभरात अल्लाच्या घरी निघालोय. खुर्ची काय, आज आहे उद्या नाही. फक्त एक काम राहिलंय." ते मागे वळले आणि सरळ आमच्या टेबलाकडे आले. हात जोडले. "तहसीनबहन. तुझं मन माझ्याकडून दुखावलं असेल. बोललंचाललं माफ कर."

सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. तिने नाही म्हटलं असतं तर ती वाईट, निर्दय, हजला निघालेल्या माणसाला अडवणारी. हो म्हटलं असतं तर ठराव तिथेच संपला. मी टेबलाखाली तिचा हात धरला.

तहसीन उठून उभी राहिली. "तुमचं माझं जे बोलणं झालं असेल, सदरसाहेब, ते माफ," ती म्हणाली. आवाज क्लिनिकमधला. "अम्माचं तेवढं अम्माकडे. ते माफ करायचा हक्क मला नाही."

लोकांना तो पुढचा भाग ऐकूच गेला नाही, ‘माफ’ ऐकताच टाळ्या सुरू झाल्या. खतीबचाचांनी तर "सुब्हानल्ला" म्हणत रुमाल काढला. पण सदरसाहेबांनी ऐकलं. क्षणभर त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले, मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

ठराव मांडला गेला. ज्यांनी शपथा घेऊन होकार दिला होता ते बिर्याणीकडे बघत बसले. तहसीनने हात वर केला. मग मी केला. खतीबचाचा म्हणाले, एका घराचा एकच हात, आणि उमरसाहेबांचा खाली आहे. माझा हात मोजलाच नाही. त्यानंतर कुणीतरी ओरडलं, "सदरसाहेब तहहयात!" आणि सगळे उठून उभे राहिले. तहहयात, म्हणजे मरेपर्यंत. झाराने सांगितलं होतं तसंच झालं. उतरवायला गेलो आणि कायमचं बसवून आलो.

त्यांनी त्याचा सूडही घेतला, हसत हसत. पुढच्याच कामाच्या दिवशी उमरला पार्ट्सच्या थंड दुकानातून काढून उन्हातल्या यार्डात जुन्या गाड्यांवर घातलं. माझ्या हाताची ती किंमत. ग्रुपवर कुणी लिहिलं, "काही लोकांना चांगलं बघवत नाही." त्याखाली अंगठ्यांची रांग. तहसीन रस्त्यात दिसली की बायका मोबाइलमध्ये बघायला लागत.

मला वाटलं ती कोलमडेल. ती माझ्याकडे आली, दार लावलं आणि म्हणाली, "मी अम्माला खरं सांगणार."

"वेडी आहेस का?" मी ओरडलेच. "म्हातारीने कसंबसं मन घट्ट केलंय. कायदा म्हणून सोडून दिलंय तिने. आता माणसाने केलं म्हणून कळलं तर ती किती वेळा मरेल?"

"माहीत आहे."

"मग?"

"तो परवा गावी पोचतोय, नूर. हजला तिथूनच जाणार. घरोघर फिरणार. अम्माच्या दारातही जाणार, कारण मी सगळ्यांसमोर बोलले ते त्याने ऐकलंय. अम्माला काही माहीत नसेल तर ती त्याला सरबत देईल, डोक्यावरून हात फिरवेल आणि माफ म्हणेल. माझ्या आईच्या तोंडून उझैरची माफी तो फुकट घेऊन जाईल." तिने मोबाइल हातात घेतला. "ते मी नाही होऊ देणार. अम्मा झुरली तर मी तिच्यासोबत झुरेन. पण त्याला ते मिळणार नाही."

मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण तिने नंबर लावला तेव्हा मी शेजारीच बसले.

तिने सगळं सांगितलं. चुलत्याचा होकार, टूर्नामेंट, फायनल, चषक. शेवटी यम्नाबीने इतकंच विचारलं, "मी दारं उघडी ठेवली होती, ते त्याला ठाऊक होतं?"

"होतं, अम्मा. मीच सांगितलं होतं."

"बरं," यम्नाबी म्हणाली आणि फोन ठेवला. तहसीन त्यानंतर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. भाऊ गेला तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर रडली नव्हती.

पुढचं सगळं वासंतीवहिनीने आम्हाला सांगितलं. ती तिथेच होती. सदरसाहेब गावात आले तेव्हा मागे माणसांचा घोळका, गळ्यात हार. यम्नाबीच्या ओटीवर बसले. तिने स्वतः सरबत केलं, स्वतः आणून दिलं. त्यांनी प्यायलं, ग्लास ठेवला, हात जोडले. "यम्नाचाची, हजला निघालो. बोललंचाललं माफ करा."

यम्नाबी समोर जमिनीवर बसली. "अहमद, तू उझैरचं तोंड बघितलंस ना शेवटचं?"

"बघितलं ना, चाची. मीच होतो सगळं करायला."

"मला सांग कसं होतं. मला नाही बघायला मिळालं."

"शांत. एकदम शांत. झोपल्यासारखं. नूर होता चेहऱ्यावर, तेज."

"लहानपणी विहिरीच्या कठड्यावर पडला होता. हनुवटीला मोठा वण होता. मेल्यावर वण जातात म्हणतात. तो दिसत होता का?"

सदरसाहेब म्हणाले, "दिसत होता, चाची. तसाच होता."

यम्नाबीने रिकामा ग्लास उचलून बाजूला ठेवला. "वण भुवईवर होता," यम्नाबी म्हणाली. "हनुवटी स्वच्छ होती माझ्या पोराची. तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस."

ते काहीतरी बोलायला लागले. गडबड होती, फोन येत होते, ग्राउंडवाल्याशी बोलायचं होतं. ग्राउंडवाल्याचं तेवढं तोंडून निसटलं. यम्नाबी उठली. "हजला जा, अहमद. अल्ला कबूल करो. माझ्याकडून माफी नाही."

घोळका पांगला. संध्याकाळी गावच्या इमामसाहेबांना घेऊन सदरसाहेब परत आले, इमामसाहेबांनी समजावलं. यम्नाबी म्हणाली, "तुम्हीच सांगता ना, की ज्याचं त्याने माफ करायचं? मी नाही करत." शिकवण इमामसाहेबांचीच होती. दुसऱ्या दिवशी सदरसाहेब पुन्हा गेले. दार उघडं होतं. यम्नाबीने सरबत दिलं आणि आत निघून गेली.

मग फोन तहसीनला आला. आम्ही बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. तिने स्पीकर लावून मोबाइल कठड्यावर ठेवला आणि कपडे घालणं थांबवलं नाही.

"तहसीन बेटी," सदरसाहेबांचा आवाज घोगरा. बहनची बेटी झाली होती. "मी उद्या निघतोय. चाचीला समजाव. मी ग्रुपवर सगळ्यांसमोर कबूल करतो. मी सदरपद सोडतो. आत्ता, या क्षणी. तुला हवं त्याला बसव, तू बस हवं तर. फक्त चाचीला एवढं बोलायला सांग."

ज्या खुर्चीसाठी ती घरोघर फिरली, शिव्या खाल्ल्या, माझा नवरा उन्हात गेला, ती खुर्ची तो माणूस फोनवरून तिच्या पायाशी आणून ठेवत होता. मी तिला खूण केली, घे, घे ना. खरंच, मला वाटलं घ्यावी.

तहसीनने झाराच्या युनिफॉर्मला चिमटा लावला. "नको, सदरसाहेब. तुम्ही खुर्ची सोडलीत तर लोक म्हणतील, शिक्षा झाली, फिटलं. तुम्हालाही तसंच वाटेल. तुम्ही बसा. तहहयात म्हणाले ना सगळे? बसा." आणि तिने फोन बंद केला.

ते हज करून आले. आता हाजीसाहेब. उमरला न मागता परत दुकानात घेतलं, पोरांच्या व्हिसाची कामं आधीपेक्षा लवकर होतात. खारबंदरला दर महिन्याला यम्नाबीकडे फळांची टोपली जाते, रत्नागिरीहून डॉक्टर येऊन तिचं ब्लडप्रेशर तपासून जातो. टोपली ती शेजारी वाटून टाकते. डॉक्टरला तपासू देते. अख्ख्या दुनियेत यम्नाबीने खूप जगावं अशी सगळ्यांत जास्त तळमळ आता अहमद मुकादमांना लागली आहे. ती माफ न करता गेली तर मग विचारायला कुणीच उरणार नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

तहसीन आता एकही गेट-टुगेदर चुकवत नाही. नवीन ड्रेस घालून येते, पहिल्या रांगेत बसते. परवा उझैरच्या नावाच्या चषकाची फायनल झाली, तिथेही होती. चषक द्यायच्या आधी हाजीसाहेब व्यासपीठावरून उतरले, सगळ्यांना सलाम करत करत आमच्यापर्यंत आले, आणि दर वेळी विचारतात तेच खालच्या आवाजात विचारलं.

"अम्मा कशी आहे?"

"छान आहे," तहसीन हसून म्हणाली. "अजून तेच म्हणते."